तुऱ्याच्या उसावर मृगाचं आभाळ

चित्र पुरं झालं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. सकाळी लॅपटॉप उघडून ते नानांपुढे ठेवलं. नाना म्हणजे माझे चुलते, सांगवीची आमची शेती तेच बघतात. चित्रात नीरेकाठचा आमचा ऊस होता आणि त्याच्यावर काळंभोर, कुठल्याही क्षणी फुटेल असं आभाळ. वर्गात ते सगळ्यांना आवडणार याची मला खात्री होती. नानांनी चष्मा चढवला, जरा वाकून बघितलं आणि म्हणाले, "उसाला तुरा आलाय आन् वर आभाळ मृगाचं? कुठल्या मुलखातला ऊस हाय हा?"

ऊस डिसेंबरातला होता आणि ढग जूनमधले. पुण्यात फोटोग्राफीच्या वर्गात पहिल्या वर्षी आम्हाला एक स्वाध्याय होता. दोन वेगळ्या वेळी काढलेले फोटो जोडून एकच निसर्गचित्र करायचं आणि जोड दिसू द्यायची नाही. मी जोड लपवायच्या मागे आठ दिवस होते. उसाचे तुरे फार नाजूक, कापसाच्या पिंजलेल्या वातीसारखे. त्यांच्यामधून जुनं आभाळ काढून नवं बसवायचं म्हणजे हातानं रेघ मारून भागत नाही. रंगीत फोटो लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन थरांचा असतो. आभाळ आणि झाड यांच्यातला फरक बहुधा निळ्या थरात सगळ्यात ठळक दिसतो. त्या थराची प्रत काढायची, तिच्यातला उजेड-अंधार ताणत न्यायचा, आभाळ पांढरंशुभ्र आणि ऊस काळाकुट्ट होईपर्यंत. हाच मास्क. पांढरं असेल तिथे वरचा थर दिसतो, काळं असेल तिथे झाकला जातो, आणि मधल्या करड्यात तुऱ्याचं एकेक कुसळ तरतं. ते मला जमलं होतं. कडेला पांढरी झालर राहिली नव्हती. पण माझं सगळं लक्ष कडेवर होतं आणि नानांचं पिकावर.

तुऱ्याचं ऐकल्यावर मी चित्र पुन्हा नीट बघितलं, तेव्हा त्याहून मोठी चूक सापडली. ढग मी संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून टिपले होते. त्यांच्या पोटावरचा उजेड उजवीकडून येत होता. उसाचा फोटो सकाळचा, कॅमेरा दक्षिणेला, म्हणजे सूर्य डावीकडे. एकाच चित्रात दोन सूर्य होते. बघणाऱ्याला ते सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे एवढं डोळ्याला कळतं.

त्यानंतर मी एक वही केली. आमच्या बांधावर एक वीट पुरली, तिच्यावर तिपाईचा एक पाय, आणि प्रत्येक सुट्टीत तिथूनच फोटो. तारीख, वेळ, सूर्य कुठे, सावली कुठे, पीक केवढं, वारा कुठला, हे सगळं वहीत. गावात जन्म घेऊनही मला हे माहीत नव्हतं की डिसेंबरात आमच्याकडे सूर्य पूर्वेला उगवत नाही, चांगला आग्नेयेला सरकतो. जूनमध्ये तो ईशान्येकडे जातो. सांगवी साधारण १८ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि विटेची सावली विटेखालीच जाते. शाळेत 'शून्य सावली' पाठ केली होती. या दोन दिवसांच्या मधल्या अडीच महिन्यांत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे नीरेच्या अलीकडच्या काठावरून पलीकडे, फलटण तालुक्याच्या दिशेनं बघताना हिवाळ्यात उजेड समोरून येतो आणि जूनमध्ये पाठीमागून. उसाचं पान हिवाळ्यात काचेसारखं उजळतं, कारण उजेड त्याच्या आरपार येतो. जूनमध्ये तेच पान सपाट हिरवं दिसतं. दुसऱ्या ऋतूचं आभाळ आणून चिकटवलं तर पान चुगली करणारच.

वर्गातली बरीच मुलं निसर्गचित्रासाठी सह्याद्रीत जायची. कडे, धुकं, दरी. मी शनिवारी एसटीनं बारामती, तिथून फलटणच्या गाडीनं सांगवी. आमच्याकडे सगळं सपाट. पाऊस धुऊन गेलेल्या सकाळी दक्षिणेला, फलटणच्याही पलीकडे, महादेवाच्या डोंगराची फिकट रेघ दिसली तर दिसली. चौकटीत अर्धा ऊस आणि अर्धं आभाळ. पण सपाट रानात आभाळच सगळं काम करतं, म्हणून तर ते बदलायचा मोह एवढा होतो.

हा मोह फार जुना आहे. १८५६-५७ च्या सुमारास गुस्ताव्ह ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार समुद्राचे फोटो काढत होता. तेव्हाच्या कलोडियनच्या काचांना निळा रंग फार लवकर लागायचा. समुद्र नीट येईपर्यंत आभाळ जळून कोरं पांढरं व्हायचं. त्यानं आभाळाची एक काच आणि समुद्राची दुसरी काच घेतली आणि दोन्ही एकाच कागदावर छापल्या. जोड क्षितिजाच्या रेघेत लपवला. काही चित्रांत त्यानं तेच आभाळ दुसऱ्या समुद्रावरही वापरलं. आम्ही करतो ते हेच, फक्त काचेऐवजी थर.

कॅमेऱ्याची ती अडचण आजही पुरती गेलेली नाही. सकाळी सहाच्या उजेडात आभाळ नीट घ्यावं तर सरीत काळोख, सरी नीट घ्यावी तर आभाळ कोरं. म्हणून तीन फोटो घ्यायचे, प्रत्येकात दोन स्टॉपचं अंतर, म्हणजे उजेड चौपट होत जातो. मग तिन्हींतून जिथलं जे चांगलं ते उचलायचं. डोंगर असेल तर हे सरळ होतं, कारण डोंगर हलत नाही. ऊस मात्र एका क्षणीही स्थिर नसतो. तीन फोटोंत पान तीन जागी, जोडल्यावर एका पानाची तीन भुतं. मी शेवटी असा मार्ग काढला की पिकासाठी तिन्हींपैकी एकच फोटो धरायचा आणि बाकीच्या दोन्हींतून फक्त आभाळ व पाणी घ्यायचं. आणि आभाळ बदललं तर पाणी तसंच ठेवता येत नाही. बंधाऱ्यातलं पाणी म्हणजे उलटं आभाळच. सांगवीजवळ उन्हाळ्यात ते काळपट होतं, काठाला जलपर्णी साचते. स्लायडर सरकवून ते निळं करायला तीन सेकंद लागतात. मी करून बघितलं आणि फाइल जतन न करता बंद केली. ज्या पाण्याची आमच्या गावाला काळजी आहे, ते स्वच्छ असल्याचा पुरावा मी तयार करणार नाही.

तारांच्या बाबतीत मात्र मी आधी चुकले. आमच्या रानावरून विजेच्या तारा जातात, कोपऱ्यात डीपी आहे. पहिल्या सगळ्या चित्रांतून मी तारा आणि खांब पुसले होते. शेजारचं आभाळ घेऊन तारेवर फिरवत जायचं, वीस मिनिटांचं काम. रान किती निवांत दिसायचं! मग एका जानेवारीत शेतीची वीज रात्रीची होती. नाना कानटोपी घालून, बॅटरी घेऊन बारा वाजता दारं धरायला निघाले. मी कॅमेरा घेऊन बरोबर गेले. मोटर सुरू झाली, पाणी चारीतून सरीत उतरलं, नाना अंधारात खोऱ्यानं एक दार बांधून दुसरं फोडत होते. घरी येऊन मी जुनी चित्रं उघडली. त्यातल्या उसाला पाणी कुठून येत होतं? मी पुसली होती ती घाण नव्हती, नानांची झोपमोड होती. त्या सगळ्या चित्रांत मी तारा परत आणल्या.

नॅशनल जिओग्राफिकनं १९८२ च्या फेब्रुवारीत मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड एकमेकांच्या जवळ सरकवले, आडवा फोटो उभ्या चौकटीत बसावा म्हणून. त्यावरून झालेली टीका आम्हाला वर्गात शिकवतात. बातमीच्या फोटोत तृणही हलवायचं नाही, हे मला पूर्ण पटतं. माझी चित्रं बातमी नसतात. तरी मी प्रत्येकाखाली लिहिते: आभाळ अमुक दिवसाचं, जमीन अमुक दिवसाची.

दुसऱ्या वर्षी मी विटेवरून काढलेल्या वर्षभराच्या फोटोंच्या उभ्या बारा पट्ट्या कापून एक चित्र केलं. डावीकडे लावण, उजवीकडे पोरांची उंची झाकणारा ऊस. हे करताना दादासाहेब फाळके सतत आठवत होते. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ च्या सुमारास, त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याला रोप होईपर्यंत कॅमेऱ्यासमोर ठेवलं आणि थोडं थोडं चित्रण करत अंकुर वाढताना दाखवला. तेही कधीकाळी फोटोग्राफीचे विद्यार्थीच, बडोद्याच्या कलाभवनातले. आमचा आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो, त्यामुळे माझं बारा पट्ट्यांचं चित्र तोडीपर्यंत पोचलंच नाही. ते अपुरंच आहे.

आजीनं काम सांगितलं ते याच सुमारास.

आमच्या ओसरीत आजी-आजोबांचा जोडफोटो आहे. आजोबा गेल्यावर करून घेतलेला. दोघांचा एकत्र फोटो कधी निघालाच नव्हता, म्हणून स्टुडिओवाल्यानं दोन सुटे फोटो एकत्र केले, आजोबांना निळा कोट घातला आणि मागे बर्फाचे डोंगर व तळं लावलं. असे फोटो आमच्या भागात घरोघरी आहेत. एकोणिसाव्या शतकात मुंबईत विल्यम जॉन्सन यानं हेच केलं होतं. मुंबईतल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या लोकांचे फोटो काढायचे आणि ती माणसं शहरातल्या देखाव्यांवर आणून बसवायची. त्याच्या या फोटोंच्या पुस्तकाचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली निघाले, दुसरा महाराष्ट्रावर. त्या पानांवरची माणसं जमिनीवर उभी वाटत नाहीत, कारण त्यांच्या पायांना तिथली सावली नाही. आमचे आजोबाही त्या तळ्याकाठी तसेच तरंगतात.

आजी म्हणाली, "त्यो कोट त्यांचा न्हाई गं. एवढं शिकतीस, तर त्यांना मळ्यात उभं कर की."

मूळ फोटो सोसायटीच्या पासबुकावरचा, कृष्णधवल, पासपोर्टच्या मापाचा. पांढरी टोपी, पांढरा शर्ट, खांद्यावर शिक्क्याची अर्धी कड. तो मोठा करून स्कॅन केला. शिक्का काढायला एक दुपार गेली, कारण त्याखालची शर्टाची वीण मला दुसऱ्या खांद्यावरून आणावी लागली. मग चेहऱ्यावरचा उजेड वाचला. नाकाची सावली आजोबांच्या डाव्या गालावर खाली उतरत होती. म्हणजे दिवा कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला, डोक्याच्या वर, आणि कॅमेऱ्याच्या बाजूला. वहीत बघितलं. कॅमेरा दक्षिणेला, जरासा पश्चिमेकडे वळवून ठेवला तर असा उजेड आमच्या मळ्यात मे अखेरपासून जुलैपर्यंतच पडतो, सकाळी साडेनवाच्या आगेमागे. संगणकावर उजेड हवा तसा फिरवता येतो, हे मला माहीत होतं. पण त्या चेहऱ्यावर मला ब्रश चालवायचा नव्हता. मेपर्यंत थांबले.

मे अखेरीला खोडवा कमरेएवढा झाला होता. नानांना पांढरी टोपी घालून, आजीनं दाखवलेल्या जागी, उसात उभं केलं. आजोबा नानांहून वीतभर उंच होते, म्हणून नानांच्या पायाखाली दोन विटा. पहिल्या दिवशी ऊन कडक होतं. टोपीची सावली नानांच्या कपाळावर सुरीनं कापल्यासारखी पडली आणि स्टुडिओतला उजेड तर मऊ, गाळलेला. त्या उन्हात आजोबा चिकटवलेलेच दिसले असते. चार दिवस आम्ही सकाळी तिथे जाऊन परत आलो. नाना एकदाही वैतागले नाहीत. पाचव्या दिवशी सूर्यावर विरळ ढग आला आणि पाचेक मिनिटं सगळं रान पिठूळ झालं. तेवढ्यात मी नानांसह आणि नानांशिवाय असे पंचवीस फोटो घेतले.

पासपोर्टचा फोटो छातीपाशी संपतो. छातीपासून कमरेपर्यंतचा शर्ट नानांचा ठेवला. मधे येणारी उसाची पानं एकेक करून मास्कवर रंगवली, सत्तरेक असतील. जमिनीचा फोटो कृष्णधवल केला आणि त्याच्यावर पासबुकाच्या कागदाइतकंच दाणेदारपण चढवलं, नाहीतर आजोबा जुने आणि ऊस आजचा दिसला असता.

छापील प्रत आजीच्या हातात दिली. ती दाराशी उजेडात जाऊन बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग बोट टोपीवर ठेवून म्हणाली, "अशी सरळ न्हवते घालत. फोटोवाल्यानं सरळ केली आसंल."

मी लॅपटॉप आणला. टोपीचा थर वेगळाच होता. एक अंश फिरवला. आजीनं मान हलवली. तीन. "आजून." सहा अंशांवर तिनं माझा हात धरला.

"बास."

टोपी फिरली की तिच्याखालची सावलीही फिरते. ती त्या रात्री पुन्हा रंगवली.