रुग्णालयात आईची पाठ का तपासतात? : नर्सिंगमधल्या संशोधनाची गोष्ट



आजच्या भागाची सुरुवात एका प्रसंगाने करू या. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेक घरांवर तो कधी ना कधी येतो.

आई सहा महिन्यांसाठी भारतातून आलेली असते. एके दिवशी बाथरूममध्ये पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं आणि तिला रुग्णालयात दाखल करावं लागतं. रात्री उशिरा ती वॉर्डात पोचते. नर्स येते, रक्तदाब बघते, ताप बघते आणि मग म्हणते, आता मला यांची पाठ, कंबर आणि टाचा बघायच्या आहेत. कधी मदतीला दुसरी नर्सही येते. दोघी मिळून आईला अलगद कुशीवर वळवतात आणि गाऊन बाजूला करून नीट उजेडात त्वचा तपासतात. आई संकोचून जाते. तुमच्याकडे बघून मराठीत म्हणते, "अरे, मोडलाय खुबा, आणि ह्या पाठ काय बघतायत?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याच्या उत्तरामागे दीडशेहून अधिक वर्षांची चौकशी, मोजमाप आणि चुकांमधून घेतलेले धडे आहेत. याच चौकशीला नर्सिंगमधलं संशोधन म्हणतात. ते कशावर उभं आहे, ते कशासाठी करतात आणि त्याचा तुमच्या-आमच्या घराशी काय संबंध, हे आज समजून घेऊ.

आधी आजार समजून घेऊ. माणूस एकाच स्थितीत बराच वेळ पडून राहिला, की हाड आणि गादी यांच्यामध्ये त्वचा दाबली जाते. तिथला रक्तपुरवठा अडतो आणि तिथलं मांस मरायला लागतं. यालाच आपण बेडसोर म्हणतो, मराठी पुस्तकांत शय्याव्रण. माकडहाड, खुबा, टाच, घोटा या तिच्या नेहमीच्या जागा. वरून छोटा डाग दिसतो, पण आत जखम खोल गेलेली असू शकते. वयस्कर माणसाला ती जखम महिनोन् महिने अंथरुणाला खिळवते, आणि तिच्यातला जंतुसंसर्ग जिवावरही बेततो.

फ्लोरेन्स नाइटिंगेलने 1859 साली 'नोट्स ऑन नर्सिंग' हे पुस्तक लिहिलं. त्यात तिने बेडसोरसारख्या त्रासांची जबाबदारी सहसा रोगावर न टाकता शुश्रूषेवर टाकली. हा नर्सला लावलेला बोल वाटेल, पण नर्सिंगच्या संशोधनाचा पाया यातच आहे. जखम शुश्रूषेतल्या उणिवेमुळे होत असेल, तर शुश्रूषा बदलून ती टाळताही येईल. आणि काय बदलायचं, हे तपासून शोधता येईल. नाइटिंगेलने स्वतः तेच केलं होतं. क्रिमियाच्या युद्धात किती सैनिक जखमांनी गेले आणि किती टाळता येण्याजोग्या रोगांनी, याचे आकडे तिने मांडले, त्यांच्या रंगीत आकृत्या काढल्या आणि ब्रिटिश सरकारपुढे ठेवल्या. रोगांनी गेलेल्यांची संख्या कितीतरी मोठी होती.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. परळच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबाग यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. नोव्हेंबर 1973 मध्ये रुग्णालयातच त्यांच्यावर अमानुष हल्ला झाला. त्यानंतर 18 मे 2015 रोजी निधन होईपर्यंत, म्हणजे 41 वर्षांहून अधिक काळ, त्या त्याच रुग्णालयात होत्या. तिथल्या नर्सनी त्यांना सांभाळलं. 1973 साली नोकरीत असलेल्या निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी नव्या आल्या, शुश्रूषा चालू राहिली. इच्छामरणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालला तेव्हा रुग्णालयाने न्यायालयाला कळवलं, की इतकी वर्षं अंथरुणाला खिळून असूनही त्यांना एकदाही बेडसोर झालेला नाही. न्यायालयाचा निकाल मार्च 2011 मध्ये लागला आणि त्यात या नर्सच्या सेवेची आवर्जून दखल घेतली गेली.

श्रोतेहो, अशी शुश्रूषा माणसांच्या हातून होऊ शकते, हे केईएमच्या नर्सनी दाखवून दिलं. पण एक प्रश्न उरतो. परळच्या त्या वॉर्डातलं हे कसब न्यू जर्सीतल्या, तुमच्या आईची ओळखही नसलेल्या नर्सच्या हातात कसं यायचं? हातातलं कसब शेजारी उभं राहून शिकता येतं. ते समुद्रापलीकडे न्यायचं असेल, तर कुणीतरी ते निरखावं लागतं, मोजावं लागतं, तपासावं लागतं आणि लिहून ठेवावं लागतं. संशोधनाचं काम हेच.

एरवी आपलं ज्ञान कुठून येतं? परंपरेतून, वडीलधाऱ्यांच्या शब्दातून, स्वतःच्या अनुभवातून. यातलं काहीच टाकाऊ नाही, पण यातलं काहीही चुकू शकतं. एक उदाहरण देतो. घरात कुणी अंथरुणाला खिळलं, की पाठीला स्पिरिट चोळायचं आणि वर पावडर लावायची, ही आपल्याकडची जुनी रीत. कमरेखाली हवेची रबरी रिंग ठेवायची, ही दुसरी. पाश्चात्त्य रुग्णालयांतही असंच चालायचं. पुढे अभ्यास झाले तेव्हा लक्षात आलं, की लाल झालेली जागा जोरात चोळली तर आतल्या मांसाला आणखी इजा होते. आणि रिंगमुळे मधला दाब कमी झाला, तरी तिच्या कडेवर तो वाढतो. आजच्या मार्गदर्शक सूचना या दोन्ही गोष्टी टाळायला सांगतात. आपल्या आज्यांनी हे सगळं मायेनेच केलं होतं. माया कमी पडली नव्हती. ती रीत कुणी तपासून पाहिली नव्हती, एवढंच.

मग नर्सिंगमधलं संशोधन नेमकं करतं काय? त्याचे चार हेतू सांगता येतील, आणि चारही आपण बेडसोरवरच लावून पाहू.

पहिला हेतू, वर्णन. जखमा कुणाला होतात, अंगावर कुठे होतात, किती दिवसांनी दिसतात, याची नीट नोंद करायची.

दुसरा, कारण शोधणं. नुसत्या दाबाने सगळं घडत नाही. पलंगाची डोक्याकडची बाजू वर केली, की माणूस हळूहळू खाली घसरतो. त्वचा चादरीला धरून राहते आणि आतलं मांस हाडाबरोबर सरकतं, त्यामुळे बारीक रक्तवाहिन्या ताणल्या जातात. घाम किंवा लघवीने त्वचा ओली राहिली, अंगात प्रथिनं कमी पडली, तरी धोका वाढतो.

तिसरा, अंदाज बांधणं. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या दोन अमेरिकी नर्सनी बनवलेलं मोजमाप 1987 मध्ये प्रसिद्ध झालं. ते ब्रेडन स्केल म्हणून ओळखलं जातं. त्यात सहा गोष्टी बघतात: दाब किंवा अस्वस्थता जाणवते का, त्वचा किती ओलसर राहते, माणूस किती उठतो-चालतो, अंथरुणात स्वतः कूस बदलतो का, पोटात किती जातं, आणि अंग चादरीवर घासतं-घसरतं का. एकूण गुण 6 ते 23. गुण जितके कमी, तितका धोका जास्त. 18 किंवा त्याहून कमी आले की सहसा जपायला सुरुवात करतात. "आज जेवण किती गेलं?" असं नर्स रोज विचारते, तेव्हा तिच्या डोक्यात हा हिशेबही असतो.

चौथा हेतू, उपाय शोधणं आणि तो खरंच लागू पडतो का, हे पडताळणं. दर दोन तासांनी कूस बदलावी, हा नर्सिंगमधला जुना नियम. दोनच तास का? याच नॅन्सी बर्गस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या 27 नर्सिंग होममधल्या 942 वृद्धांवर अभ्यास केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. कुणाची कूस दर दोन तासांनी बदलली, कुणाची तीन, कुणाची चार. सगळ्यांना चांगल्या फोमच्या गाद्या होत्या. 2013 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: तीन आठवड्यांत तिन्ही गटांत बेडसोरच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. म्हणजे योग्य गादी असेल, तर काही वृद्धांना रात्री थोडी सलग झोप मिळू शकते. पण हे ऐकून घरच्या माणसाचं वेळापत्रक मनाने बदलू नका. तो अभ्यास ठरावीक गाद्यांवर, ठरावीक रुग्णांवर झाला होता. तुमच्या माणसाचं त्याच्या नर्सला विचारूनच ठरवा.

सगळंच काही आकड्यांत बसत नाही. परक्या बाईसमोर अंगावरचा कपडा बाजूला करताना आईला काय वाटलं, हे गुणांत मांडता येत नाही. त्यासाठी रुग्णांशी आणि घरच्यांशी निवांत बोलून, त्यांचे शब्द टिपून केलेले अभ्यास असतात. तेही नर्सिंगमधलंच संशोधन, आणि तितकंच महत्त्वाचं.

अमेरिकेत या कामाला हळूहळू घर मिळत गेलं. 'नर्सिंग रिसर्च' हे संशोधनाला वाहिलेलं नियतकालिक 1952 मध्ये सुरू झालं. 1986 मध्ये सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत नर्सिंग संशोधनाचं केंद्र उभं राहिलं आणि 1993 मध्ये त्याला स्वतंत्र संस्थेचा दर्जा मिळाला.

अशा संशोधनातून धोरणाच्या चर्चेलाही बळ मिळतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लिंडा एकन यांनी 168 रुग्णालयांचा अभ्यास करून 2002 मध्ये दाखवलं, की एका नर्सकडे एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रियेच्या रुग्णाला 30 दिवसांत मृत्यू येण्याचा संभव सुमारे 7 टक्क्यांनी जास्त दिसतो. याचा अर्थ शंभरातली सात माणसं जास्त दगावतात असा नव्हे. मुळात जो संभव असतो, तो तेवढ्या प्रमाणात वाढतो. कॅलिफोर्नियाने त्याआधीच, 1999 मध्ये, कायदा केला होता. तिथे 2004 पासून एका नर्सकडे जास्तीत जास्त किती रुग्ण असावेत, याची मर्यादा लागू आहे.

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर. पाठ तपासतात, कारण जखम सुरू होण्याआधीच ती ओळखता येते, हे या साऱ्या अभ्यासांनी दाखवलं. दुसरंही एक कारण आहे. ऑक्टोबर 2008 पासून मेडिकेअरने रुग्णालयात असताना झालेल्या गंभीर बेडसोरसाठी जादा पैसे देणं बंद केलं. त्यामुळे रुग्ण आला तेव्हा त्वचा कशी होती, ही नोंद पहिल्याच दिवशी होते. आईला मेडिकेअर नसली, तरी वॉर्डातली पद्धत सगळ्यांना एकच.

आणि इथे तुमचं काम सुरू होतं. गोऱ्या त्वचेवर पहिली खूण लालसर दिसते. बोटाने दाबलं तरी ती लाली जात नाही. आपल्या गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर ती लाली दिसेलच असं नाही. तिथे जागा आजूबाजूपेक्षा गडद किंवा जांभळट वाटते, हाताला गरम किंवा गार लागते, घट्ट किंवा मऊ लागते, दुखते. 2016 मध्ये अमेरिकेत बेडसोरच्या व्याख्या सुधारल्या, तेव्हा गडद त्वचेवर पहिली पायरी वेगळी दिसू शकते, हे त्यात नमूद केलं गेलं. आईच्या पाठीचा नेहमीचा रंग नर्सला माहीत नसतो. तो तुम्हाला माहीत आहे. "हा डाग आधी नव्हता," हे तुम्ही सांगायचं.

आईलाही एक सांगून ठेवा. "दुखतंय का?" या प्रश्नावर आपल्या घरातली पिढीजात उत्तरं म्हणजे "काही नाही, बरं आहे." कुणाला त्रास नको, म्हणून. पण मग नोंदीत "दुखत नाही" असंच लिहिलं जातं आणि पुढचे निर्णय त्या नोंदीवर होतात. इंग्रजी अडत असेल, तर दुभाषा मागा. सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांना तो विनामूल्य द्यावा लागतो, आणि मराठी दुभाषा फोनवरही मिळू शकतो. दहा वर्षांच्या नातवाला मध्ये घालू नका.

कधी एखादी नर्स संमतीपत्र घेऊन येईल आणि म्हणेल, आमच्या अभ्यासात सहभागी व्हाल का? घाबरू नका आणि घाईने सहीही करू नका. हा कागद फार मोठी किंमत मोजून आलेला आहे. अलाबामातल्या टस्कीगी इथे 1932 ते 1972 या काळात सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना खरं न सांगता, औषध असूनही न देता, नुसतं निरखत ठेवलं होतं. त्या कामात एक नर्सही होती. ते उघडकीला आल्यावर कायदा झाला, आणि 1979 च्या बेलमाँट अहवालात संशोधनाची नीतितत्त्वं मांडली गेली. आज तुम्ही विचारू शकता: यात काय करणार, धोका काय, माहिती कोण बघणार? नाही म्हणू शकता. हो म्हणून नंतर बाहेर पडू शकता. त्याने आईच्या उपचारात फरक पडता कामा नये.

पण समजून-उमजून हो म्हणावंसं वाटलं, तर त्याचंही मोल मोठं आहे. आपल्यासारखी त्वचा, आपलं जेवण, आपला संकोच ज्या अभ्यासात नसेल, त्याचे निष्कर्ष आपल्याला कितपत लागू पडतील?

तेव्हा उद्या कुणी नर्स आईची पाठ बघायला आली, तर आईला मराठीत समजावून सांगा की ती का बघतेय. मग आईचा हात धरा आणि कुशीवर वळायला तिला मदत करा.

आजच्यापुरतं इतकंच. सगळ्यांनी तब्येतीला जपा. पुन्हा भेटू पुढच्या भागात. नमस्कार!