कौल विकत मिळतो, बरं का!

हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांत एखादीने आपल्या मिक्सरचं कौतुक केलं, की आपण लगेच कान देतो. “दोन वर्षं झाली, एकदासुद्धा दुरुस्तीला न्यावा लागला नाही!” तिचं हे एक वाक्य दुकानदाराच्या तासभराच्या बडबडीपेक्षा खरं वाटतं. का? तर त्यात तिचा काही फायदा नाही, म्हणून. पण समजा, असं बोलण्याबद्दल त्याच दुकानदाराने तिच्या हातावर गुपचूप शंभराची नोट ठेवली असेल तर? मिक्सर चांगला असेलही. पण आपण विश्वास ठेवला तो मिक्सरवर नव्हे, तिच्यावर.

भगिनींनो, आता हे हळदीकुंकू मोबाइलवर भरतं, आणि तिथे नोटा सर्रास वाटल्या जातात.

याची एक जुनी पण मोठी बोलकी हकीकत आहे. अमेरिकेत 2004 साली ‘डिग’ नावाचं एक संकेतस्थळ सुरू झालं. तिथे कोणती बातमी वर यावी हे संपादक नाही, तर वाचक ठरवीत. आवडलेल्या बातमीला कौल द्यायचा, थोड्या वेळात पुष्कळ कौल पडले की बातमी थेट पहिल्या पानावर! लोकांना वाटे, इथे काही वशिला चालत नाही. अ‍ॅनली नेविट्झ या पत्रकारांनी मात्र हे पारखून पाहायचं ठरवलं. त्यांनी मुद्दाम एक अगदी रटाळ पान तयार केलं. त्यात काय, तर गर्दीचे फोटो! मग कौल मिळवून देणाऱ्या एका अड्ड्याला त्यांनी पैसे भरले. त्याचा दर असा: बातमी घेण्याचे 20 डॉलर आणि दर कौलामागे 1 डॉलर. कौल देणाऱ्याच्या पदरात काय पडे? तीन बातम्यांना मिळून अर्धा डॉलर. दलालाची चंगळ सगळीकडे सारखीच!

आणि ते रटाळ पान चढलं की हो पहिल्या पानावर. नेविट्झ यांनी ही सगळी हकीकत मार्च 2007 मध्ये ‘वायर्ड’ या नियतकालिकातर्फे उघड केली. त्यातली मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच आहे. सुरुवातीचे कौल विकतचे होते, पण आकडा फुगल्यावर पुढचे कौल खऱ्या वाचकांनी आपणहून, फुकट दिले! साडीच्या दुकानाबाहेर रांग दिसली, की आत काय आहे हे न विचारता आपणही मागे उभ्या राहतोच की.

आज ‘लाखो जणींची पसंती’ असलेलं क्रीम किंवा बाळाचं खाणं बघताना ही रांग आठवावी.

आपल्याकडे याला कायदा नाही असं मुळीच नाही. जानेवारी 2023 मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने नियमावली काढली. पैसे घेऊन वस्तूची शिफारस करणाऱ्याने तसं स्पष्ट सांगायलाच हवं, तेही ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत. मराठीत बोलायचं आणि कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरं टाकायची, हे चालणार नाही. नुसते पैसेच नव्हेत. फुकट मिळालेली वस्तू, सवलत, हॉटेलातला मुक्काम, इतकंच काय, कंपनीशी असलेलं नातंसुद्धा सांगायचं. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे आणि पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत. तक्रार 1915 या क्रमांकावर मराठीतही सांगता येते.

घरबसल्या व्हिडिओ करून चार पैसे मिळवणारीला मी नावं ठेवणार नाही. कमवावेत खुशाल! फक्त ‘ही जाहिरात आहे’ एवढे तीन शब्द तिच्या तोंडून आधी यावेत. तुमची आवडती पाककृतीवाली एकाएकी एकाच तेलाचे गोडवे गाऊ लागली, तर खाली सरळ विचारा, “ताई, याचे पैसे मिळाले का?” उत्तर देते की प्रश्नच पुसून टाकते, ते बघा. आणि एखाद्या वस्तूवर एकाच आठवड्यात, एकाच धाटणीची स्तुती दिसली, तर ती सोडून तीन ताऱ्यांचे अभिप्राय वाचा. झाकण सैल आहे, आवाज फार होतो, असल्या कामाच्या गोष्टी तिथेच सापडतात.

आता दुसरी बाजू. “हॉटेलांना तारे द्या, व्हिडिओ पसंत करा, दिवसाला हजार रुपये मिळवा,” असा निरोप तुम्हालाही आला असेल. पहिल्या दिवशी शेदोनशे रुपये खरोखरच खात्यात येतात. म्हणून तर भरवसा बसतो. मग ‘मोठ्या कामासाठी’ आधी पाच हजार भरा, ते सोडवायला आणखी वीस हजार भरा, असं सुरू होतं, आणि भिशीचे, मुलाच्या फीचे साठवलेले पैसे बघता बघता जातात. लाजेखातर घरी न सांगता गप्प बसू नका. तडक 1930 ला फोन लावा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पुढच्या खात्यातली रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त.