वाढत्या मापाचा बूट बर्फावर चालत नाही

मुलांना बूट घेताना एक नंबर मोठा घ्यायचा, ही आपल्या घरांतली जुनी रीत. शाळा उघडायच्या आठवड्यात गोंदियाच्या बाजारात बुटांच्या कुठल्याही दुकानात उभं राहा, ‘वाढत्या मापाचा दाखवा’ हे कानावर येतंच. पुढं कापूस कोंबला की बूट यंदा चालतो आणि पुढच्या वर्षी बसतो. चालण्याच्या बुटापुरता हा हिशेब शहाणपणाचा आहे. आइस हॉकीच्या स्केटला तो लावला की पैसे वाया जातात, घोटा दुखावतो आणि पोराची समजूत होते की हा खेळ आपल्या नशिबातच नाही.

उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो अशा धानाच्या जिल्ह्यात आइस हॉकीचं काय काम, असं कुणी विचारेल. महाराष्ट्रातून बर्फाकडं जाणारी वाट चाकांवरून जाते. मुंबई, पुणे, नागपुरात रोलर स्केटिंग चांगलं रुजलंय, इनलाइन स्केटवरची हॉकीही खेळली जाते. नव्वदच्या दशकात मुंबईला सहलीला गेलेल्यांना गोराईच्या एस्सेल वर्ल्डमधला बर्फाचा रिंक आठवत असेल. भाड्याचे बूट घालून कठड्याला धरून चालणं, एवढाच तेव्हा बहुतेकांचा बर्फाशी संबंध. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा २०२० साली सुरू झाल्या आणि लेहच्या बर्फावर महाराष्ट्राच्या मुलामुलींनी आइस स्केटिंगमध्ये पदकं मिळवली. डेहराडूनचा रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधला गेला, मग वर्षानुवर्षं बंद पडून राहिला. तो पुन्हा सुरू झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिथं शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंगची आशियाई स्पर्धाही झाली. गोंदियाहून गोंडवाना नाहीतर छत्तीसगड एक्स्प्रेसनं दिल्ली गाठायची आणि पुढं डेहराडून, म्हणजे बर्फ लांब असला तरी रेल्वेच्या टप्प्यात आहे.

पण लांबच. इथल्या मुलाच्या पायाला बर्फ वर्षातून थोडे दिवस लागणार आणि स्केट बाकीचा सगळा काळ विदर्भातल्या एखाद्या कपाटात राहणार. कॅनडातल्या पालकाला जी माहिती पुरते ती म्हणूनच आपल्याला पुरत नाही. त्याच्या गावात रिंक असतो, रिंकमध्ये दुकान असतं आणि दुकानात पाय बघून बूट देणारा माणूस. आपल्याकडं हे तिन्ही नाही. जोडी बहुधा ऑनलाइन मागवलेली असते किंवा टोरंटोतल्या मावशीच्या सामानातून आलेली.

तर आधी माप. हॉकी स्केट नेहमीच्या बुटापेक्षा एक ते दीड नंबर लहान लागतो, हे ऐकून पालक हमखास दचकतात. पाय मोजायचा तो संध्याकाळी, कारण दिवसभरात तो थोडा फुगतो. कागदावर उभं राहून दोन्ही पायांची रेघ मारायची. दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात. लांबीबरोबर चवड्याची रुंदी आणि पायाच्या वरच्या बाजूची उंचीही टिपायची. अलीकडं बाउर कंपनी फिट १, २, ३ असे आकार देते, तर सीसीएम निमुळता, नेहमीचा आणि रुंद असे प्रकार करते. आपल्याकडं लहानपणी अनवाणी वावरलेल्या कित्येकांचा चवडा पसरट असतो. त्यांनी अरुंद बुटाची लांबी वाढवून जागा करू नये, रुंद आकारच मागावा.

बूट पायात घातल्यावर खाली बसून टाच मागं आपटायची, म्हणजे ती आपल्या खळग्यात जाऊन बसते. मग लेस बांधून उभं राहायचं. बोटांची टोकं पुढच्या टोपीला जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवताच ती किंचित मागं सरली पाहिजेत. बोटं मुडपली तर बूट लहान, कशालाच टेकली नाहीत तर मोठा. लेस सैल सोडून पाय पुढं सरकवला आणि टाचेमागं एकाहून जास्त बोट शिरलं, तरी मोठा. आणखी एक परीक्षा पेन्सिलीची. लेस सोडून बुटाची जीभ पुढं ओढायची आणि वरून तिसऱ्या छिद्रांच्या जोडीवर पेन्सिल आडवी ठेवायची. ती दोन्हीकडं टेकण्याआधी पायाला लागली तर बूट पायाला उथळ आहे. असा बूट पुढं पायाच्या वरच्या बाजूला छळणार.

सैल बुटानं इतकं बिघडतं काय? बर्फावर वळताना सगळा भार पात्याच्या एका कडेवर येतो. बुटात टाच हलली की पाय एकीकडं आणि पातं दुसरीकडं. मग मूल ते सावरायला लेस करकचून बांधतं, घोट्याच्या पुढून जाणारी शिर दाबली जाते आणि तिथं दिवसेंदिवस दुखत राहतं. मोठ्या मापाच्या बुटाची तक्रार अशी उलट ‘बूट आवळतो’ या शब्दांत येते. मग पालक त्याहून मोठा नंबर आणतात!

दुसरा मोह महागड्या जोडीचा. सर्वांत वरच्या दर्जाची जोडी हजार अमेरिकी डॉलरच्या घरात जाते. ती घेतलेलं मूल लवकर शिकेल, असं काही नाही. महाग बूट जास्त ताठ असतो, कारण तो वजनदार, जोरकस खेळाडूसाठी बनवलेला असतो. तीस किलोच्या मुलाला तो घोट्यात वाकवताच येत नाही. शिकणाऱ्यानं मधल्या दर्जाची, पण नेमक्या मापाची जोडी घ्यावी आणि उरलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट.

आता बूट पायावर आणण्याची गोष्ट. नवी कोल्हापुरी चावते म्हणून आपण तिला तेल पाजतो, रात्रभर ठेवतो आणि चामडं नरमतं. स्केटचंही एके काळी असंच होतं. कॅनडात मॅनिटोबातल्या ब्रँडन गावचा जॉर्ज टॅकाबेरी हा चांभार १९०५ च्या सुमारास शेजारच्या हॉकीपटूसाठी कांगारूच्या कातड्याचे बूट शिवू लागला, कारण त्या गड्याचे बूट भराभर फाटत. पुढं सीसीएमनं ते नाव विकत घेतलं. ‘टॅक्स’ या नावाचे स्केट आजही मिळतात. बूट आणि पातं एकत्र जोडून विकायला सुरुवात केली ती १९२७ साली किचनर गावात स्थापन झालेल्या बाउरनं. त्याआधी पातं वेगळं घेऊन बुटाला ठोकायचं. लडाखमध्ये तर हे पुढं कित्येक वर्षं चाललं: सैनिकी बुटांना पाती बसवायची आणि मिळेल त्या मापात खेळायचं. तिथल्या मुली एकमेकींचं साहित्य आळीपाळीनं वापरत. ऑलिंपिक विजेती हेली विकनहायझर २०१८ मध्ये लेहला गेली ती हॉकीचं साहित्य घेऊनच. ज्या भारतीय महिला संघानं २०१६ साली पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळली, त्यानं २०२५ मध्ये अल ऐनच्या आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं. यात गुण खेळाडूंचेच, पण मापाचा बूट मिळण्याचा वाटाही लहान नाही.

आजच्या बुटात चामडं जवळजवळ नसतंच. असतात प्लास्टिकचे आणि कार्बनचे थर, आत फोम. त्याला तेल लावून काही नरमत नाही. उलट चिकटवलेले थर सुटायची भीती. हे बूट उष्णतेनं पायावर बसवतात. दुकानातल्या खास भट्टीत सुमारे ८० अंशांना ते काही मिनिटं ठेवतात, मग गरम असतानाच पायात घालून, लेस बेतानं ओढून, दहापंधरा मिनिटं नुसतं बसून राहायचं. या वेळात चालायचं नाही. त्यानंतर पूर्ण एक दिवस स्केट वापरायचा नाही. प्रत्येक मॉडेलचा वेळ वेगळा, काही बूट तापवायचे नसतातच, म्हणून कंपनीची सूचना वाचावी. घरच्या ओव्हनमध्ये हा उद्योग करू नये. त्याचा काटा दाखवतो एक आणि आतला ताप असतो दुसराच.

गोंदियात भट्टी नाही म्हणून अडत नाही. पात्यांना कडक आवरण, म्हणजे गार्ड, लावून घरात रोज थोडा वेळ बूट घालून बसायचं, गुडघे वाकवायचे, सतरंजीवर चालायचं. मोजा पातळ आणि एकच. पहिले काही दिवस वरचं शेवटचं छिद्र रिकामं सोडलं तर घोटा वाकायला मोकळा राहतो. लालसर डाग कुठं उठतो ते बघायचं. डाग उठून तासाभरात गेला तर बूट बसतो आहे. घोट्याच्या हाडावर किंवा टाचेच्या मागं रोज त्याच जागी दुखलं तर मात्र सहन करायचं नाही. तेवढीच जागा आतून दाबून फुगवण्याचं यंत्र रिंकवरच्या कारागिराकडं असतं. टाचेमागं असं घासून घासून हाडाला आलेला उंचवटा कायमचा राहतो.

चाकांवरून येणाऱ्या मुलांना एक सूचना. चार चाकांच्या स्केटला पंजाकडं ब्रेक असतो, हॉकी स्केटला पुढं काहीच नसतं. थांबायला पाय आडवा करून बर्फ तासावा लागतो आणि हे काम पात्याच्या धारेचं.

ही धारच सर्वांत कमी समजलेली गोष्ट. पातं जेमतेम ३ मिलिमीटर जाड, पण खालून सपाट नसतं. त्याच्या लांबीभर मधोमध उथळ खोबण असते आणि तिच्या दोन बाजूंना दोन कडा, आतली आणि बाहेरची. खोबण किती खोल, हे इंचात सांगतात; तो आकडा म्हणजे खोबण ज्या वर्तुळाचा तुकडा असते त्याची त्रिज्या. अर्धा इंच हे नेहमीचं माप. आकडा लहान, म्हणजे ३/८ इंच, तर खोबण खोल आणि पकड घट्ट. आकडा मोठा, ५/८ किंवा ३/४, तर घसरण जास्त आणि पाय कमी थकतात. वजनदार खेळाडूला उथळ खोबण पुरते, हलक्या मुलाला थोडी खोल लागते. लेहच्या गारठ्यातला उघड्यावरचा बर्फ कठीण असतो, तिथं खोल खोबण बरी; बंद रिंकमधल्या मऊ बर्फावर तीच पातं रुतवते. शॉर्ट ट्रॅकचं पातं निराळं: लांब, खोबणीशिवाय सपाट. म्हणून स्पीड स्केटिंग करणाऱ्या ताईचा सल्ला हॉकी खेळणाऱ्या भावानं तसाच उचलू नये.

नवं पातं धार न लावलेलं येऊ शकतं, हे कित्येकांना ठाऊक नसतं. रिंकवर उतरण्याआधी विचारून घ्यावं. आणि कळकळीची विनंती: सायकलवर चाक फिरवत सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा दारावर आला तर स्केट त्याच्या हाती देऊ नका. तो आपल्या कामात तरबेज असतो, पण त्याचं चाक पात्याला एकच धार काढेल किंवा तळ सपाट करेल. स्केटच्या यंत्राचा दगड आधी ठराविक गोलाईत घासून घेतात आणि मग पातं त्यावरून लांबीच्या दिशेनं फिरवतात. धार लागल्यावर पात्यावर आडवं नाणं ठेवून डोळ्यांच्या रेषेत बघायचं. ते एका बाजूला कललं तर एक कड उंच राहिली आहे. काम परत करून घ्यावं.

स्टीलला ‘स्टेनलेस’ म्हणतात म्हणून ते गंजत नाही असं नाही. बर्फावरून उतरलं की पातं, त्याचा प्लास्टिकचा धारक आणि त्यांच्यामधली फट कोरड्या फडक्यानं पुसायची. कडक गार्ड फक्त चालण्यापुरते. ते लावून ठेवलं तर आत पाणी अडकतं आणि रातोरात गंज धरतो. ठेवताना कापडी टोपडी लावायची. लेहच्या कोरड्या हवेत थोडं दुर्लक्ष खपून जातं. आपल्याकडं रोवणीपासून पुढचे कित्येक आठवडे भिंतीसुद्धा ओल सोडत नाहीत. पावसाळ्याआधी पात्याला शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवावा, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळावं, बुटात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकणं हा स्केट मारायचा सोपा मार्ग. डांबरगोळ्यांनी वास झाकतो, ओल जात नाही. बुटाच्या तळाचे रिव्हेटही महिन्याकाठी बघावेत. त्यांच्याभोवती तांबूस कडं दिसलं तर आत पाणी शिरतंय. बर्फावर जाण्याआधी तेल पुसून काढायला विसरू नये.

उरलं ऊन. गादीपासून पापडापर्यंत सगळं उन्हात टाकायची आपल्याला सवय. स्केट, हातमोजे, हेल्मेट मात्र सावलीत, पंख्याखाली वाळवायचे. उष्णतेनं जो बूट घडतो, तो उष्णतेनंच बिघडतो. एप्रिलच्या दुपारी बंद गाडीच्या डिकीत ताप सहज साठीच्या घरात जातो. तिथं सोडलेल्या बुटाचा आकार सैलावतो, गोंद सुटतो. वाळवताना आतला तळवा बाहेर काढायचा, जीभ पुढं ओढून तोंड उघडं ठेवायचं. हातमोज्यांची बोटं उलगडून ठेवली नाहीत तर तळव्याचं कातडं वाळून कडक होतं. नडगीचे, कोपराचे, खांद्याचे पॅड सौम्य साबणाच्या गार पाण्यात धुतले तर चालतात. घामाचं साहित्य बॅगेत तसंच कोंबून गोंदियापर्यंतचा प्रवास केला तर घरच्यांना नाकाला पदर लावावा लागतो आणि त्यात चूक त्यांची नसते.

मानेचं कवच आता ऐच्छिक मानू नये. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी इंग्लंडमधल्या शेफील्ड इथं अॅडम जॉन्सन या खेळाडूच्या मानेला सामन्यात स्केटचं पातं लागलं आणि तो गेला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघानं आपल्या स्पर्धांत मानेचं कवच सक्तीचं केलं. मनगट आणि पोटरीसाठी न कापल्या जाणाऱ्या कापडाचे मोजेही मिळतात. किंमत स्केटच्या मानानं किरकोळ.

वाढत्या पायाचा प्रश्न तरी राहतोच. त्याला उत्तर मोठं माप नव्हे, वापरलेली जोडी. वर्षभरात लहान झालेला स्केट दुसऱ्याला देता येतो, कारण मुलांचे बूट झिजण्याआधी लहान होतात. घेताना पात्याची उरलेली उंची बघावी, प्रत्येक धारेनं स्टील थोडं थोडं खातं. धारकाला चीर नसावी, घोट्याचा भाग हातानं दाबल्यावर लोळागोळा होऊ नये. आतला तळवा नवा टाकावा, लेस नव्या. हेल्मेट मात्र वापरलेलं घेऊ नये. ते कधी, कशावर आदळलंय हे बाहेरून दिसत नाही, आणि अमेरिकी प्रमाणपत्राची चिकटपट्टी असलेल्या हेल्मेटची मुदत बनवल्यापासून साडेसहा वर्षांनी संपते. तारीख मागच्या बाजूला छापलेली असते.