चित्रांसाठी पार्टी आणि गल्ल्यात उरणारा पैसा



मागच्या बैठकीत हप्त्यांची वसुली झाली, चहा आला, तेवढ्यात एका सदस्य ताईच्या मुलीने मोबाइल पुढे केला. आलिया भट्ट साडी नेसून पायऱ्या चढत होती. फुलांची साडी आणि मागे लांबच लांब पदर. "मॅडम, एका साडीचे एवढे फोटो काहून काढून राहिले हे लोक?" तिने विचारले. आम्हालाही तेव्हा नीट सांगता आले नाही. नंतर माहिती काढली, तीच आज सांगतो, कारण आपल्या गावच्या एका खोलीशी तिचा संबंध आहे.

ती पार्टी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये होते, दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी. त्या संग्रहालयात कपड्यांचा एक विभाग आहे. त्याला आपला खर्च आपणच उभा करावा लागतो, म्हणून 1948 साली ही मेजवानी सुरू झाली. तेव्हा तिकीट 50 डॉलरचे होते. 2025 मध्ये एका माणसाचे तिकीट 75,000 डॉलर होते, म्हणजे आपल्या पैशात साठ लाखांच्या वर. त्या एका रात्रीत 3 कोटी 10 लाख डॉलर जमले. नटनट्या बहुतेक स्वतः पैसे भरत नाहीत बरं का. मोठ्या कंपन्या अख्खे टेबल विकत घेतात आणि त्यांना आपल्या खर्चाने बोलावतात.

दरवर्षी पोशाखाचा एक विषय ठरलेला असतो. आलियाने ती साडी नेसली त्या 2024 साली विषय बागेचा होता. विषय कशाला, असे तुम्ही म्हणाल. नवरात्रात नऊ रंग कोण लादतो आपल्यावर? कोणी नाही. तरी त्या दिवशी पिवळी साडी शोधतोच ना! विषय दिला की बाई आठ दिवस आधीपासून तयारीला लागते, शेजारणीला विचारते, यायचे पक्के करते. आणि सजावट पाहुण्यांच्या अंगावरच येते, यजमानाला त्याचा एक रुपया लागत नाही.

आता आपली खोली. आमच्या लाखनी तालुक्यातल्या एका गावात समाजमंदिराजवळची रिकामी खोली ग्रामपंचायत द्यायला तयार आहे. तिथे आजच्या बायांची, आजच्या पोरींची चित्रे लावायची, असे ग्रामसंघाच्या मनात आहे. समकालीन कला म्हणतात ती हीच, आज जगणाऱ्या माणसांनी काढलेली. मुंबईतले जहांगीर कलादालन 1952 साली सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभे राहिले. आपल्याकडे असा दाता नाही. चुना, दिवे, चौकटी, कुलूप आणि गळणारे छप्पर, एवढे आपल्यालाच पाहायचे आहे.

पैसे उभे करायची रीत आपल्याला नवी नाही. दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले की गावचे मंडळ वडशाच्या कंपनीचे नाटक ठरवते. कंपनीचे पैसे ठरलेले, मंडप मंडळाचा, तिकिटे मंडळाची. रात्रभर नाटक होते आणि उरलेला पैसा मंदिराला, शाळेला लागतो. आपली झाडीपट्टी हे पिढ्यान्‌पिढ्या करत आली. मुंबईत काळाघोडा महोत्सव 1999 पासून भरतो. तिथे प्रवेश फुकट, पैसा प्रायोजकांकडून येतो आणि त्यातून त्या भागातल्या जुन्या वास्तूंची डागडुजी होते.

पण "उरलेला" हा शब्द नीट ऐका. दोन वर्षांआधी आम्ही आनंद मेळावा घेतला. संध्याकाळी गल्ला मोजला आणि आनंदाच्या भरात माइकवरून आकडा सांगून टाकला. नंतर मंडपवाला आला, किराणावाला आला, साउंडवाला आला. हाती चौथा हिस्साही राहिला नाही. गावात मात्र माइकवरचाच आकडा फिरत होता. "बाकीचे गेले कुठे?" एका ताईने आमच्यासमोर कोषाध्यक्ष काकूंना विचारले. काकूंनी एक पैसा घेतला नव्हता, तरी त्या पुढचे तीन महिने बैठकीला आल्या नाहीत. चूक आमची होती.

म्हणून या वेळी आधी कागदावर मांडले. समजा 150 बाया आल्या, तिकीट 50 रुपये. जमले 7,500. मंडप-खुर्च्या 2,000, साउंड 1,000, नाश्ता माणशी 25 प्रमाणे 3,750. उरले 750. एवढ्या धावपळीचे बाईमागे पाच रुपये! नाश्ता प्रत्येक गटाने घरून आणला तर 4,500 उरतात. कार्यक्रम दिवसा समाजमंदिरातच घेतला तर मंडपाचे 2,000 आणखी वाचतात. मात्र घरून आणलेले पोहेही वर्गणीच आहे. कोणत्या गटाने काय आणले, ते वहीत लिहायचे.

विषय ठरला आहे, "आजीचे लुगडे". पेटीतले काढायचे, नवे घ्यायचे नाही. कोणाकडे आंधळगावचा कोसा असेल, कोणाकडे विरलेले नऊवारी. तेही नसेल तर आजीची एखादी वस्तू आणा, पानाचा डबा चालेल. हा कार्यक्रम हळदीकुंकू म्हणून घ्यायचा नाही, हे आम्ही मुद्दाम ठरवले. हळदीकुंकवाला आपण कोणाला बोलावत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. जुने लुगडे जपून ठेवणाऱ्या कितीतरी जणी त्यातल्याच आहेत.

चित्रांची बोली लावू, देवीच्या साड्यांची लावतो तशी. जिचे चित्र, तिला अर्धे पैसे. यावर बैठकीत वाद झाला. दान म्हणून पोरीने सगळेच द्यावे, असे काहींचे म्हणणे होते. पण रंग तिचे, रात्रीची जागरणे तिची. तिला काहीच दिले नाही तर पुढच्या वर्षी ती चित्र देणार नाही.

लकी ड्रॉची तिकिटे मात्र विकायची नाहीत. मुंबईचा टाउन हॉल बांधायला इंग्रजांच्या काळी सोडतीतून पैसा काढला होता, पण आज परवानगीशिवाय लॉटरी चालवणे गुन्हा आहे. गावात वर्गणी मागायची तर गणेश मंडळे धर्मादाय कार्यालयाकडून 41 क कलमाची परवानगी काढतात. आपणही आधी तिथे विचारून घेऊ. हा पैसा गटाच्या बचत खात्यात घालायचा नाही. ती सदस्यांची बचत आहे. ठराव घेऊन, दोघींच्या सहीने, ग्रामसंघात वेगळा ठेवायचा.

त्या दिवशी माइकवरून आकडा सांगितला जाणार नाही. सगळ्यांची बिले भागली की जमा, खर्च आणि शिल्लक असे तिन्ही आकडे त्या खोलीच्या दारावर लिहून लावू. ते काकूंच्या अक्षरात असतील. त्या हो म्हणाल्या आहेत.