यंत्र वर्गात आले, पाठात आले का?

प्राथमिक आणि उच्च प्राथमिक शाळांतील तंत्रज्ञानाची चर्चा महाराष्ट्रात बहुधा साधनांच्या मोजणीपासून सुरू होते: किती शाळांत प्रोजेक्टर बसले, किती शाळांना टॅब मिळाले, किती शाळा ‘डिजिटल’ म्हणून जाहीर झाल्या. ही मोजणी निरुपयोगी नाही, कारण साधनच नसेल तर पुढचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु पहिली ते आठवीच्या मुलाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की तासिकेत त्याचे जिथे अडले होते तिथून ते त्या साधनामुळे पुढे सरकले की नाही. शिक्षणशास्त्रात ज्याला तंत्रज्ञानाचे एकात्मीकरण म्हणतात, म्हणजे साधन हे पाठाचे उद्दिष्ट, वर्गातील कृती आणि मूल्यमापन या तिन्हींत गुंफले जाणे, त्याची कसोटी हीच असायला हवी, आणि या कसोटीवर अनेक सुसज्ज शाळाही अजून उतरलेल्या नाहीत.

भारताने हा प्रयत्न फार पूर्वी सुरू केला. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचवण्याचा ‘साइट’ हा प्रयोग झाला आणि त्यात शाळकरी मुलांसाठी स्वतंत्र कार्यक्रम होते. १९८४ मध्ये ‘क्लास’ प्रकल्पातून निवडक शाळांत ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो संगणक आले. प्रक्षेपणाची मर्यादा अशी, की कार्यक्रम आपल्या वेळेने पुढे जातो आणि एखाद्या मुलाला मागचे कळले नाही म्हणून तो थांबत नाही. २०२० मध्ये करोनाच्या काळात शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवरून पहिली ते आठवीसाठी दाखवलेल्या ‘टिलीमिली’ मालिकेने घरातच करता येतील अशा कृतींमधून पाठ मांडून ही मर्यादा पुष्कळ सैल केली, तरी मुलाची चूक पाहून त्याला तिथेच उत्तर देणे कोणत्याही एकतर्फी माध्यमाला शक्य नसते.

साधन पाठात नेमके कुठे बसते हे ठरवण्यासाठी पाठच उघडून पाहावा लागतो. अपूर्णांक शिकताना एक अष्टमांश हा एक चतुर्थांशापेक्षा मोठा, अशी समजूत अनेक मुलांची होते, कारण पूर्णांकांच्या जगात आठ चारांहून मोठे असतात. पडद्यावर रंगीत पट्टीचे तुकडे करून हे दाखवता येते. मात्र कागदाची घडी घालून, ती पुन्हा दुमडून आणि उलगडून मुलाने स्वतः केलेले आठ भाग त्याच्या अधिक ध्यानात राहतात, आणि त्यासाठी वीज लागत नाही. त्रिकोणाच्या तीन कोनांच्या मापांची बेरीज १८० अंश असते, या सहावी-सातवीच्या भूमितीतील गुणधर्माची गोष्ट वेगळी आहे. फळ्यावर शिक्षक एक किंवा दोन त्रिकोण काढतात, कोनमापकाने मोजताना अंशा-दोन अंशांची चूक होते आणि मुले तो नियम पाठ करून मोकळी होतात. ऑस्ट्रियाच्या मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या जिओजेब्रा या मोफत आज्ञावलीत त्रिकोणाचा शिरोबिंदू बोटाने ओढला की तिन्ही कोन बदलत राहतात, पण त्यांची बेरीज बदलत नाही; दोन मिनिटांत मुलाच्या डोळ्यांसमोरून शेकडो त्रिकोण जातात आणि ‘असे का होत असेल’ हा प्रश्न मुलाकडूनच येण्याची शक्यता निर्माण होते. इथे यंत्र जे करते ते खडू आणि फळा करू शकत नाहीत, म्हणून इथे त्याची जागा आहे.

हाच विवेक विज्ञानाला आणि भाषेला लागू होतो. ग्रहणात सूर्य, पृथ्वी आणि चंद्र कसे एका रेषेत येतात, हृदयाच्या झडपा कशा उघडझाप करतात, हे चलच्चित्राने दाखवणे योग्यच. पण बीजाचे अंकुरण चित्रफितीत दाखवून पाठ संपवणे हा मुलांवर अन्याय आहे, कारण ओल्या फडक्यातल्या मटकीला मोड येताना त्यांना तो प्रत्यक्ष पाहता येतो, मोजता येतो आणि नोंदवता येतो. भाषेच्या तासाला सर्वांत साधे आणि सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे ध्वनिमुद्रण. अडखळत वाचणाऱ्या दुसरी-तिसरीच्या मुलाने आपलेच वाचन मोबाइलवर ऐकले, पुन्हा वाचले आणि आठवड्याने दोन्हींची तुलना केली, तर त्याला आपली प्रगती स्वतःच्या कानांनी कळते. शिवाय मूल कोणत्या जोडाक्षराशी थांबते याची नोंद शिक्षकांकडे राहते.

अशी निवड करण्यासाठी शिक्षकांजवळ काय असावे लागते, याची मांडणी अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठातील पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये केली. विषयाचे ज्ञान, तो शिकवण्याचे ज्ञान आणि तंत्राचे ज्ञान ही तीन स्वतंत्र असून पुरेशी नाहीत. अमुक घटक शिकताना मुले कुठे चुकतात आणि ती चूक दूर करायला कोणते साधन कसे वापरावे, हे तिन्हींच्या संगमावरचे ज्ञान खऱ्या अर्थाने वर्गात उपयोगी पडते, असे त्यांचे म्हणणे आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणात मात्र बहुतेक वेळ तिसऱ्या ज्ञानावर, म्हणजे कोणते बटण कुठे आहे यावर जातो, आणि म्हणूनच प्रशिक्षण घेऊनही पाठ पूर्वीसारखाच राहतो.

यंत्राने मुले खरोखर अधिक शिकतात का, याचे पुरावे भारतातच गोळा झालेले आहेत आणि ते विचारात पाडणारे आहेत. मुंबईत स्थापन झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने बडोद्याच्या महापालिका शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले. एका संगणकावर दोन मुले बसत. पुढे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह केलेल्या अभ्यासात दुसऱ्या वर्षी या मुलांच्या गणितातील गुणांत ०.४७ प्रमाण विचलनाची वाढ दिसली. प्रमाण विचलन हे गुणांचा विखुरलेपणा मोजण्याचे एकक असून, या वाढीचा साधा अर्थ असा, की शंभर मुलांत अगदी मधोमध असलेले मूल साधारण ६८ मुलांच्या पुढे, म्हणजे अडुसष्टाव्या शतमकाच्या आसपास जाऊन बसते. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात ही वाढ बरीच ओसरली, हेही त्याच अभ्यासाने नोंदवले आहे.

गुजरातमध्येच ली लिंडेन यांनी दुसरी-तिसरीच्या मुलांवर केलेला अभ्यास याहून अधिक बोलका आहे. तीच आज्ञावली काही ठिकाणी शाळेच्या वेळात, शिक्षकांच्या अध्यापनातील वेळ काढून, तर काही ठिकाणी शाळा सुटल्यावर जादा सराव म्हणून वापरली गेली. शाळेच्या वेळात वापरणारी मुले संगणक नसलेल्या मुलांपेक्षा मागे पडली आणि शाळा सुटल्यावर वापरणारी पुढे गेली. यंत्र तेच, आज्ञावलीही तीच; फरक होता तो यंत्राने चांगल्या अध्यापनाची जागा घेतली की त्यात भर घातली याचा. तासिका यंत्राच्या हवाली करण्याचा निर्णय घेण्यापूर्वी प्रत्येक मुख्याध्यापकाने विचारात घ्यावा असा हा निष्कर्ष आहे.

माध्यमिक उंबरठ्यावरील मुलांविषयी २०१५ मध्ये दिल्लीत कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गानिमियान यांनी ‘माइंडस्पार्क’ या आज्ञावलीचा अभ्यास केला. शाळेनंतर दीड तास, त्यातला निम्मा वेळ संगणकावर आणि निम्मा शिक्षकाबरोबर लहान गटात, अशी ती योजना होती. सुमारे साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाची वाढ झाली. कारण समजून घेण्यासारखे आहे: सहावीत बसलेली अनेक मुले गणितात प्रत्यक्षात तिसरी-चौथीच्या पातळीवर होती, आणि सहावीचे पुस्तक पुढे नेणे एवढेच हाती असलेल्या शिक्षकाला एकाच वर्गातील चार-पाच पातळ्यांवर एकाच वेळी शिकवणे अशक्य होते. आज्ञावलीने आधी मुलाची खरी पातळी ओळखली, तिथून प्रश्न दिले आणि उत्तर चुकले तर चूक कोणत्या प्रकारची आहे हे पाहून पुढचा प्रश्न निवडला. यालाच अनुकूलनशील अध्ययन म्हणतात.

महाराष्ट्रातील वाड्यावस्त्यांवरच्या द्विशिक्षकी शाळांना हे विशेष लागू पडते, कारण तिथे दोन शिक्षक चार इयत्ता सांभाळतात आणि बहुवर्ग अध्यापन ही रोजची गोष्ट असते. तिसरीला प्रत्यक्ष शिकवत असताना चौथीच्या मुलांना फळ्यावरची गणिते उतरवायला लावण्याऐवजी त्यांच्या पातळीचा सराव टॅबवर मिळाला, चुकांचा तक्ता शिक्षकांसमोर आला आणि दुसऱ्या दिवशी हातच्याच्या वजाबाकीत अडलेल्या चौघांना त्यांनी जवळ बसवले, तर यंत्राने शिक्षकांचा वेळ घेतला नाही, उलट तो योग्य मुलापर्यंत पोहोचवला असे म्हणता येईल.

या शाळांमधूनच आलेले एक उदाहरण जगापर्यंत गेले. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्याच्या परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. काळ्या-पांढऱ्या चौकोनांची ही खूण मोबाइलने टिपली की त्या पाठाशी निगडित कविता, चित्रफीत किंवा स्वाध्याय उघडतो. राज्याने ही कल्पना पाठ्यपुस्तकांत स्वीकारली, आणि २०२० मध्ये डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी दहा लाख डॉलरची निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली. या कल्पनेचे बळ तिच्या साधेपणात आहे: पुस्तक बाजूला सारले जात नाही, पाठाचा क्रम मोडत नाही.

केवळ यंत्र हाती देऊन भागत नाही, याची साक्ष पेरू या देशाने दिली आहे. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेखाली तिथे लाखो लॅपटॉप वाटले गेले आणि ३१९ ग्रामीण शाळांच्या पाहणीत गणित व भाषेतील गुणांत वाढ आढळली नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाचा सारा भरही तंत्रज्ञान कोणाच्या अटींवर वापरले जाते, याच प्रश्नावर आहे.

राहतो तो खर्चाचा विषय, आणि तो महाराष्ट्रात कळीचा आहे. गावोगावच्या अनेक डिजिटल शाळा लोकसहभागातून, म्हणजे पालक, माजी विद्यार्थी आणि ग्रामस्थांच्या वर्गणीतून उभ्या राहिल्या. ही अभिमानाची बाब आहे. पण वर्गणी साधनाच्या खरेदीला सहज मिळते, बॅटरी बदलायला, प्रोजेक्टरच्या दिव्याला आणि वीजबिलाला मिळत नाही, आणि थकलेल्या बिलामुळे जिल्हा परिषद शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या राज्यात वारंवार येत आल्या आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत पालक बहुसंख्य असावेत, अशी शिक्षण हक्क कायद्याची तरतूद आहे. तेव्हा पुढच्या वेळी नव्या टॅबचा ठराव समितीपुढे येईल, तेव्हा पालकांनी दोन गोष्टींचा आग्रह धरावा: हा टॅब कोणत्या इयत्तेच्या, कोणत्या घटकासाठी, आठवड्यातून किती वेळ वापरला जाणार हे शिक्षकांकडून लिहून घ्यावे, आणि पुढील तीन वर्षांच्या वीज व दुरुस्तीची रक्कम त्याच ठरावात बाजूला काढून ठेवावी.