कुकडीनं कोरलेला कातळ

पिरंगुटच्या माणसाला काळ्या दगडाचं कौतुक वाटत नाही. घराचा पाया त्याचा, विहिरीची कड त्याची, घाटातली दरडही त्याचीच. पण सोसायटीतली चार-पाच कुटुंबं मिळून मिनी बस ठरवणार असतील, तर माझा आग्रह आहे की एक रविवार याच दगडासाठी काढा. महाबळेश्वर, लोणावळा पुढच्या वेळी होईल. चांदणी चौकातून पुणे ओलांडा, नगर रस्त्यानं रांजणगावच्या महागणपतीचं दर्शन घ्या आणि शिरूरहून निघोजकडे वळा.

तिथे कुकडी नदीच्या पात्रात उतरलं की आधी डोळ्यांवर विश्वास बसत नाही. अख्खं पात्र कातळाचं, आणि त्या कातळात खोल, गोल, आतून गुळगुळीत खळगे. काही एवढेसे, तर काहींत माणूस सहज बुडेल. म्हणूनच लोक त्यांना रांजणखळगे म्हणतात. नदीचा एक काठ पुणे जिल्ह्यात टाकळी हाजीचा, दुसरा अहिल्यानगर जिल्ह्यात निघोजचा. काठावर मळगंगा देवी. गावकरी या जागेला नुसतं 'कुंड' म्हणतात.

हा दगड आला कुठून? सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन भेगाळली आणि तिच्यातून लाव्हा वाहू लागला. एक थर थंड व्हायचा, त्यावर दुसरा पसरायचा. असे थर साचत गेले आणि आज झीज होऊनही त्यांचा पसारा साधारण 5 लाख चौरस किलोमीटर उरला आहे. पिरंगुटच्या डोंगरांना दिसणाऱ्या पायऱ्या म्हणजे हेच थर. निघोजचा कातळही त्याच कुळातला.

मग एवढ्या टणक दगडाला पाण्यानं भोकं पाडली कशी? नुसत्या पाण्याला ते जमलं नसतं. त्याला गोट्यांची साथ मिळाली. कुकडी उगम पावते जुन्नरच्या पश्चिमेला, कुकडेश्वरापाशी. पावसाळ्यात ती वाळू आणि दगडगोटे घेऊन धावते. कातळातल्या एखाद्या फटीशी, छोट्याशा खोलगटीशी पाण्याला भोवरा पडतो. त्यात गोटा अडकतो आणि गिरमिटासारखा गरगर फिरत खालचा दगड खरवडतो. गोटा स्वतःही झिजून संपतो, पण पुढच्या पुरात दुसरा येतो. खळगा जसा खोल होतो तसा गोट्याला बाहेर पडायला वाव उरत नाही, म्हणून खोली आणखी वाढते. शेवटी शेजारच्या दोन खळग्यांमधली भिंत पातळ होऊन फुटते आणि दोन्ही एक होतात. असे खळगे जुळत जुळत नदीची खोल घळ तयार होते. मुलांना सांगा, काही खळग्यांच्या तळाशी ते गोल गोटे अजून पडलेले असतात. कारागिराची हत्यारं अशी कामाच्या जागीच पाहायला मिळणं केवढं भाग्याचं!

जेवण उरकून अळकुटीवरून बेल्ह्याकडे निघा. बेल्हे गाव बैलबाजारासाठी ओळखलं जातं. तिथून जवळच, आणे घाटाच्या बाजूला, गुळुंचवाडीचा नैसर्गिक पूल आहे. ओढ्यानं खालचा कमी टणक खडक झिजवून नेला आणि वरचा कातळ कमानीसारखा तसाच तोलून राहिला. त्याखाली उभं राहून वर पाहा. इथेही मळगंगेचं देऊळ आहे. पाण्यानं दगड कोरलेल्या दोन्ही जागी लोकांनी एकच देवी मानली, हे मला फार मोलाचं वाटतं.

परतीची वाट आळेफाटा, नारायणगाव, चाकण अशी. याच टापूत कुकडीकाठी बोरी गाव आहे. 1980 च्या दशकात तिथल्या नदीकाठच्या गाळात ज्वालामुखीची राख सापडली. ती आपल्या सह्याद्रीची नव्हती, कारण आपला लाव्हा कोट्यवधी वर्षांपूर्वीच शांत झाला होता. ती निघाली 3000 किलोमीटरांहून दूर, सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची! वाऱ्यानं समुद्र ओलांडून आणलेली राख जुन्नर तालुक्यात थांबली. सोबत आदिमानवाची दगडी हत्यारंही मिळाली. राखेच्या वयावरून अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही, पण जुन्नरच्या शेताच्या बांधाशी सुमात्राची राख असावी, ही गोष्टच मला थक्क करते.

सहल पावसाळा सरल्यावर काढा. निघोजचा कातळ ओला असला की पाय सटकतो. नदीवर माणिकडोह, येडगाव ही धरणं आहेत. तिथून पाणी सोडलं की पात्रातली पातळी वाढते. म्हणून आधी गावात विचारा, मुलांचा हात सोडू नका. आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या बसमध्ये परत आणा, त्या खळग्यांत टाकू नका.