समितीतलं बाहेरचं नाव

चाकणच्या कारखान्यात नोटीस बोर्डावर अंतर्गत समितीचा कागद असतो. त्यातलं एक नाव कंपनीबाहेरचं असतं. 2013च्या कायद्याने 10 किंवा अधिक कामगार असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी ही समिती सक्तीची केली. निम्म्या तरी स्त्रिया हव्यातच. बाहेरचा सदस्य महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतला किंवा या विषयाचा जाणकार असतो. त्याला साहेबाची मर्जी राखायची नसते, बढतीची चिंता नसते.

पण भोसरीतल्या सहा जणांच्या वर्कशॉपचं काय? तिथल्या बाईसाठी, आणि तक्रार मालकाविरुद्धच असेल तर कोणत्याही बाईसाठी, जिल्ह्याची स्थानिक समिती असते. घरकाम करणारीलाही ती खुली आहे. अध्यक्ष सामाजिक कामातली नामवंत स्त्री. सदस्यांत त्याच जिल्ह्याच्या एखाद्या तालुक्यात किंवा पालिका हद्दीत नोकरी करणारी एकजण. ही तरतूद मला फार मोलाची वाटते. जिला दोन पाळ्यांची ओढाताण ठाऊक आहे, ती समोरचीचं अर्धं बोलणं न सांगताच समजते.

नेमणूक जास्तीत जास्त तीन वर्षांची. चौकशी 90 दिवसांत संपवायची, नावं फुटू द्यायची नाहीत. तक्रार लेखी लागते. जिला लिहिता येत नाही, तिला ती लिहायला मदत करणंही समितीचंच काम आहे.